दारूचे व्यसन : शपथ आणि उपचार

दारूच्या व्यसनावर काही सांगावयाचे म्हटले की ऐकणाऱ्यांचे सहज दोन भाग पडतात. जे पीत नाहीत त्यांना हा विषय आपला वाटत नाही. आणि जे पितात त्यांना आता उपदेश ऐकावा लागणार अशी धास्ती वाटते. आम्हांस यांपैकी कोणालाच उपदेश करावयाचा नाही. दारू वाईट, ही गोष्ट कीर्तनकारांपासून शाळामास्तरांपर्यंत सर्वांनी आपल्याला सांगून ठेवली आहे, आणि ती पिणाऱ्यालाही पाठ असते. आमच्यापुढचा प्रश्न निराळा आहे. दारू वाईट हे ज्याला पुरते कळले आहे, तिच्यापायी ज्याने नोकरी, पैसा आणि अब्रू घालविली आहे, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून ज्याने शपथ वाहिली आहे, तो माणूस आठ दिवसांनी पुन्हा गुत्त्याची पायरी का चढतो? त्याची शपथ खोटी होती काय?

मराठी माणसाला हा प्रश्न नवा नाही. राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान, मानी वकील. अपमानाचा सल विसरण्यासाठी तळीरामाच्या आग्रहाने तो पहिला प्याला घेतो आणि पुढे संसाराची राखरांगोळी होते. पण त्या नाटकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. सुधाकर मधे दारू सोडतो. तो मनापासून सोडतो. आणि उपजीविकेच्या शोधात पुन्हा अपमान वाट्याला येताच पुन्हा पितो. गडकऱ्यांनी व्यसनाची ही चाल अचूक टिपली होती. त्या काळी सुधाकरासाठी औषध मात्र नव्हते. आज आहे. तरीही आजचे बहुतेक सुधाकर शपथेपाशीच थांबतात आणि उपचारापर्यंत पोहोचत नाहीत, हे आम्हांस या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या संकटाचा विस्तार पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर घरोघर जाऊन पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर या वयोगटातील सुमारे १६ कोटी माणसे, म्हणजे शेकडा १४.६, दारू पितात असे त्यात आढळले. पुरुषांत हे प्रमाण शेकडा २७.३ आणि स्त्रियांत १.६ होते. या १६ कोटींपैकी सुमारे २ कोटी ९० लाख माणसे दारूवाचून राहू शकत नाहीत अशा अवस्थेला पोहोचलेली होती. म्हणजे दर पाच-सहा पिणाऱ्यांत एक. पहिला प्याला घेणारा प्रत्येक जण सुधाकर होत नाही, हे यावरून दिसते. पण पाच-सहांतला तो एक कोण, हे पहिल्या प्याल्याच्या वेळी कोणालाही, अगदी डॉक्टरलाही, सांगता येत नाही. घराण्यात व्यसन असेल, वय कोवळे असेल, मन खचलेले असेल तर धोका वाढतो, एवढेच म्हणता येते.

याच अहवालातील एक आकडा आम्हांस सर्वांत बोलका वाटतो. दारूच्या पूर्ण अधीन झालेल्या दर ३८ माणसांपैकी अवघ्या एकाला कसला तरी उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस जणांच्या घरी काय घडले असेल? शपथा झाल्या असतील, गंडेदोरे झाले असतील, माळ घातली गेली असेल, मारहाण आणि रडारड झाली असेल. क्षयाच्या किंवा मधुमेहाच्या रोग्याला आपण शपथ घालीत नाही. मग येथेच ती का घालतो? व्यसन हा स्वभावाचा दोष आहे, शरीराशी त्याचा संबंध नाही, अशी आपली समजूत आहे म्हणून. ती कितपत खरी, हे पाहण्यासाठी शरीरात काय घडते ते समजून घेतले पाहिजे.

दारूतील अमली द्रव्य एकच : इथेनॉल, म्हणजे मद्यार्क. तीस मिलिलीटर व्हिस्कीत तो सुमारे दहा ग्रॅम असतो. बिअर म्हणजे दारू नव्हे, असे पुष्कळांना वाटते; पण साध्या बिअरच्या साडेसहाशे मिलिलीटरच्या बाटलीत सुमारे पंचवीस ग्रॅम आणि ‘स्ट्राँग’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटलीत सुमारे चाळीस ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे ती एक बाटली व्हिस्कीच्या चार लहान पेगांबरोबरीची झाली. हा मद्यार्क पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जातो. त्याचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृताचे, आणि त्याची गती ठरलेली असते : तासाला सुमारे सात ते दहा ग्रॅम. काळी कॉफी, लिंबाचे पाणी, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही ती वाढत नाही. रात्री उशिरापर्यंत भरपूर पिऊन सकाळी गाडी हाकणाऱ्याच्या रक्तात रात्रीची दारू शिल्लक असू शकते, ती यामुळे.

आता मेंदूकडे वळू. मेंदूत उत्तेजन देणारी आणि आवर घालणारी अशी दोन्ही प्रकारची रसायने असतात, आणि त्यांच्या समतोलावर आपले चलनवलन चालते. दारू आवर घालणाऱ्या बाजूला बळ देते. म्हणून पहिल्या घोटांनी भीड चेपते, चिंता सैल होते, पुढे जीभ अडखळते आणि झोप येते. पण रोज संध्याकाळी बाहेरून हा आवर येऊ लागला की मेंदू त्याची तरतूद करून ठेवतो. तो स्वतःचा आवर कमी करतो आणि उत्तेजन वाढवतो. परिणाम असा की पूर्वी दोन पेगांत येणारी नशा आता चारांत येते. ‘याला कितीही चढत नाही’ अशी मित्रमंडळीत जी तारीफ होते, ती वास्तविक धोक्याची घंटा असते. आणि अशा मेंदूला एके दिवशी दारू मिळाली नाही तर? आवर नाहीसा होतो आणि वाढलेले उत्तेजन तसेच राहते. हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते, झोप उडते, ओकारी येते. मग सकाळी उठल्याबरोबर घोटभर घेतली की सारे शांत होते. या अवस्थेतील माणूस मजेसाठी पीत नाही. थरथर थांबावी म्हणून पितो. त्याच्या शपथेची आणि शरीराची गाठ येथे पडते, आणि पुष्कळदा शरीर जिंकते.

येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने शपथ घेऊन दारू एकाएकी बंद केली तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. पहिल्या दोन दिवसांत काहींना अपस्मारासारखे झटके येतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो : भिंतीवर किडे चालताना दिसतात, नसलेली माणसे बोलताना ऐकू येतात, वेळेचे व स्थळाचे भान सुटते, ताप चढतो, घामाने कपडे भिजतात. घरचे म्हणतात, वेड लागले किंवा बाहेरची बाधा झाली, आणि देवऋष्याला बोलावणे जाते. ही बाधा नसून दारू तुटल्याची वैद्यकीय आणीबाणी आहे, आणि उपचार न झाल्यास ती मृत्यूला कारण होऊ शकते. रुग्णालयात औषधांच्या साहाय्याने हे पाच-सात दिवस बहुधा सुखरूप पार पडतात. दीर्घकाळ पिणाऱ्यांच्या अंगात ‘ब’ जीवनसत्त्वाच्या पहिल्या प्रकाराची, म्हणजे थायमिनची, मोठी तूट असते, आणि त्या तुटीने मेंदूला व स्मरणशक्तीला कायमची इजा होऊ शकते. म्हणून जाणते डॉक्टर अशा रोग्याला ग्लुकोजची बाटली लावण्यापूर्वी किंवा तिच्या बरोबरच थायमिनचे इंजेक्शन देतात. तेव्हा ज्याला दारू सोडावयाची आहे, त्याने आधी डॉक्टरकडे जावे आणि मग शपथ घ्यावी. हा क्रम उलटू नये.

शरीराची सावकाश होणारी झीज बहुतेकांना ऐकून ठाऊक आहे. प्रथम यकृतात चरबी साचते, मग त्याला सूज येते, आणि शेवटी ते आक्रसून निबर होते. कावीळ, जलोदर, रक्ताची उलटी ही त्या शेवटच्या टप्प्याची लक्षणे. पहिल्या टप्प्यात दारू थांबली तर यकृत बहुधा पूर्ववत होते. शेवटच्या टप्प्यात ते पूर्ववत होत नाही, पण तेव्हाही दारू थांबविल्याने आयुष्य वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन यांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध आहे. दारूच्या जोडीला तंबाखू असेल तर तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. आणि आपल्याकडे ही जोडी किती पक्की आहे हे सांगावयास नको. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्यपानामुळे झाले, असे त्या संघटनेचे अनुमान आहे.

दारूचा दुसरा मृत्यू झटपट येतो, आणि तो गरिबाच्या वाट्याला येतो. गावठी दारूत कधी मिथेनॉल मिसळले जाते. हा कारखान्यात वापरला जाणारा मद्यार्क; दिसावयास व चवीला इथेनॉलसारखाच, आणि किमतीने स्वस्त. शरीरात गेल्यावर मात्र त्याचे फॉर्मिक आम्ल बनते. ते दृष्टीची नस जाळते आणि रक्त आम्लधर्मी करते. विशेष भयंकर हे की, पिणाऱ्याला प्रारंभी काहीच होत नाही. बारा ते चोवीस तासांनी पोटात दुखू लागते, डोळ्यांपुढे धुके येते, आणि तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. २०२२ साली दारूबंदी असलेल्या गुजरातेत आणि बिहारात, आणि २०२४ साली तमिळनाडूतील कळ्ळकुरिची येथे तेच घडले. दारू प्यालेल्याची नजर अधू झाली तर क्षणाचाही विलंब न लावता त्याला मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि तो काय प्याला ते लाज न बाळगता सांगावे. वेळेवर उतारा मिळाला आणि कृत्रिम मूत्रपिंडाच्या यंत्राने रक्त शुद्ध झाले तर डोळेही वाचतात, जीवही वाचतो.

दारूशिवाय इतर अमली पदार्थही आज आपल्या शहरांत आहेत. १९८० नंतर मुंबईत ‘ब्राउन शुगर’ म्हणजे भेसळीची हेरॉइन पसरली आणि मध्यमवर्गीय घरांतील मुलेही तिच्या आहारी गेली. त्या लाटेच्या वेळी डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. वर सांगितलेल्या अहवालात अफूपासून बनणारे पदार्थ वापरणारांची संख्या सुमारे सव्वादोन कोटी आढळली. खोकल्याची काही औषधे आणि वेदनाशामक गोळ्या यांचा नशेसाठी होणारा वापरही त्यात मोडतो. या पदार्थांविषयी एकच धोक्याची सूचना देतो. काही महिने सोडून राहिलेला माणूस पुन्हा वळला आणि त्याने आपली जुनी मात्रा घेतली, तर ती प्राणघातक ठरू शकते. कारण मधल्या काळात शरीराची सोसण्याची शक्ती उतरलेली असते. तुरुंगातून किंवा उपचारकेंद्रातून नुकत्याच सुटलेल्या तरुणांच्या घरच्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

कायद्याने हा प्रश्न सुटणार नाही काय, असे कोणी विचारील. महाराष्ट्रात हा विचार जुना आहे. १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी शहरातील वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ चा. पिण्यासाठी परवाना लागतो ही त्यातील तरतूद आजही कायम आहे. ती किती जण पाळतात हा प्रश्न वेगळा. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीतून १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. गावोगावच्या स्त्रियांनी ‘आडव्या बाटली’ला मते देऊन दुकाने बंद पाडली. या चळवळींना आम्ही कमी लेखीत नाही. दुकान जितके दूर, भाव जितका चढा आणि विक्रीच्या वेळा जितक्या कमी, तितके पिणे एकूण घटते, हे जगभर दिसून आले आहे. परंतु कायदा नव्या माणसाला दारूपासून लांब ठेवतो. जो आधीच अधीन झाला आहे, त्याच्या मेंदूतील बिघाड तो दुरुस्त करू शकत नाही. दुकान बंद झाल्यावर त्या माणसासाठी उपचाराचे दार उघडे नसेल, तर तो हातभट्टीचे दार ठोठावतो.

मग उपचार म्हणजे काय? त्याचे तीन भाग आहेत. पहिला, शरीरातून दारू सुखरूप बाहेर काढणे. याला एक-दोन आठवडे पुरतात. दुसरा, मनाची बांधणी. कोणत्या वेळी, कोणत्या संगतीत, कोणत्या दुःखाने तलफ येते हे रोग्याला ओळखता आले पाहिजे आणि त्या क्षणी काय करावयाचे याची सवय झाली पाहिजे. याला महिने लागतात. यात तलफ कमी करणारी औषधेही आज उपलब्ध आहेत. तिसरा भाग, सोबत. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यासक्तांनी एकमेकांना आधार देण्यासाठी सुरू केलेली ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही मंडळी आज आपल्याकडेही आहे. तिच्यात शुल्क नाही आणि आडनावही सांगावे लागत नाही. तेथे शपथ घेतात, पण ती जन्मभराची नसते. ‘आज पिणार नाही’ एवढीच असते. शपथेचा हा आकार माणसाच्या ताकदीला झेपणारा आहे.

घरच्यांकडून होणाऱ्या दोन चुकांविषयी सांगितलेच पाहिजे. ‘रोग्याला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती पाहून काही जण चहात किंवा भाजीत पूड मिसळतात. डायसल्फिराम नावाचे एक औषध खरोखरच आहे. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास अंग लाल होते, ओकाऱ्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, रोग्याच्या संमतीने दिले तर ते उपयोगी पडते. चोरून दिले आणि अजाणता तो प्याला तर प्राण जाऊ शकतो. दुसरी चूक म्हणजे मारझोड करणाऱ्या, साखळीने बांधणाऱ्या ‘केंद्रां’च्या हवाली माणूस करणे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे, आणि अशा रोग्याला साखळदंड घालण्यास स्पष्ट मनाई केली आहे. केंद्र निवडताना तेथे मानसोपचारतज्ज्ञ येतो काय आणि घरच्यांना रोग्यास भेटू देतात काय, एवढे तरी विचारावे.

आणि घरातील स्त्रीचे काय? नवऱ्याची अब्रू झाकण्यासाठी ती कचेरीत ‘ताप आला आहे’ म्हणून निरोप धाडते, त्याची उधारी फेडते, शेजाऱ्यांना हसतमुखाने सामोरी जाते. सिंधूच्या पतिव्रत्याचे आपण शंभर वर्षे कौतुक केले. पण तिला मदत मागण्याची वाट आपण दाखविली नाही. नवऱ्याच्या व्यसनाला बायको जबाबदार नसते, आणि तिने एकटीने ते सोडवावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. नवरा उपचाराला तयार नसला तरी ती स्वतः सल्ला घेण्यास जाऊ शकते. अशा कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ नावाचे गट आहेत, आणि केंद्र शासनाच्या १४४४६ या क्रमांकावर फुकट दूरध्वनी करता येतो. मार खाऊन गप्प बसणे हा तर कोणत्याही व्रताचा भाग नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

शेवटी नगरातील जाणत्या माणसांना एक विनंती. उपचार घेऊन परतलेला माणूस पुन्हा घसरला तर ‘आम्हांला माहीतच होते’ असे म्हणू नये. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली तर आपण औषध बदलतो. त्याला खोटारडा म्हणत नाही. घसरण हा या दुखण्याच्या वाटेवरचा नेहमीचा खड्डा आहे, आणि दोन-तीनदा घसरून पुढे कायमचे सावरलेले पुष्कळ आहेत. लग्नाच्या वरातीत, मित्राच्या पार्टीत, कचेरीच्या सहलीत जो ‘नको’ म्हणतो त्याला ‘एकाने काय होते?’ असा आग्रह करू नये. आग्रह करणाऱ्याला त्या माणसाचा पूर्वेतिहास ठाऊक नसतो. आणि सावरून आलेल्या माणसाला काम द्यावे. सुधाकर दुसऱ्यांदा प्याल्याकडे वळला तो दारूच्या चवीसाठी नव्हे. त्याला गावात उभे राहावयास जागा मिळाली नाही म्हणून. डॉक्टर औषध देतील, समुपदेशक समजूत घालतील. ही जागा मात्र गावानेच द्यावयाची आहे.